कासारणीची हरकत

एका डोंगराच्या उतारावर एक नगर वसलेलं होतं आणि त्या नगरात एक कासारीण राहत होती. नगर काही फार मोठं नव्हतं, पण नीटनेटकं होतं. डोंगरातून खोदून आणलेल्या दगडी पाटानं दारोदार पाणी यायचं. तिन्हीसांजेला रस्त्यांवर दिवे लागायचे, गटारं वाहती असायची, आणि चावडीशेजारी बसणारा वैद्य कोणाकडूनही पैसा न घेता नाडी बघायचा.

नगरातल्या लोकांना याचं काही विशेष वाटत नसे. रोजचं असलं की माणसाला ते आपोआप होतं असंच वाटू लागतं. कासारणीला मात्र फार वाटायचं. संध्याकाळी घरासमोरचा दिवा लागला की ती दारात येऊन त्याला हात जोडायची, आणि शेजारणी हसायच्या.

"अगं बाई, तो रस्त्यावरचा दिवा आहे, देव्हाऱ्यातला नव्हे!"

"माहीत आहे की," ती म्हणायची. "देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल मी घालते. यात कोण घालतं तेही मला ठाऊक नाही. मग या दिव्याला नको का हात जोडायला?"

तिचं हे वाटणं उगीच नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती या नगरात आली तेव्हा तिच्या डोक्यावर बांगड्यांची टोपली होती आणि कडेवर लहानगी लेक. नवरा देवाघरी गेला होता आणि दिरांनी दार लावून घेतलं होतं. ती वेशीत उभी राहिली, पण पुढं कुठं जायचं ते काही सुचेना. तेवढ्यात एक म्हातारा पाथरवट तिच्यापाशी थांबला.

"कोणाकडे जायचंय, पोरी?"

"कोणाकडेच नाही, तात्या."

"मग आमच्याकडे चल. माझ्या घराची मागची भिंत नुसतीच उभी आहे. तिला टेकून झोपडी घाल."

तेव्हापासून नगरात तिचं कोणी असेल तर ते हे तात्या आणि त्यांची बायको, म्हणजे काकी. नगरात पाणी आणणारा दगडी पाट तात्यांनीच आपल्या तरुणपणी खोदला होता. शेवटच्या वळणाला एक शिळा निसटली आणि त्यांच्या दोन्ही हातांवर आली. हाडं सांधली गेली, पण बोटं ताठ झाली ती झालीच. तेव्हापासून त्यांची मूठ वळत नसे. छिन्नी सुटली, हातोडा सुटला. काकी सूत कातायची, तात्या परसात भाजी लावायचे आणि दोघांचं कसंबसं भागायचं. घर मात्र चांगलं लांबरुंद होतं. अंगात ताकद होती तेव्हा त्यांनी स्वतःच दगड घडवून ते बांधलं होतं.

कासारीण त्या झोपडीत पुष्कळ वर्षं राहिली. झोपडीला घरपट्टी नसते, असा नगराचा नियम होता. पण पट्टी नाही म्हणून पाटाचं पाणी कधी तिला चुकवून पुढं गेलं नाही. लेक तापानं फणफणली तेव्हा वैद्य भर पावसात चिखल तुडवत तिच्या झोपडीत आला होता. पोरीचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिला, आणि जाताना वर कासारणीलाच "तू काही खाल्लंस का?" असं विचारून गेला. हे ती जन्मात विसरणार नव्हती.

पुढं तिच्या हाताला यश आलं. बांगडी भरावी तर तिनंच. कितीही जाड हात असो, ती तो हळूहळू असा मळायची, दाबायची, बोलण्यात गुंतवायची, की बांगडी कधी मनगटात सरकली ते बाईला कळायचंही नाही. पै-पै साठवून तिनं तात्यांच्या शेजारीच घर बांधलं. वर लहानशी माडीही काढली. लेक माडीच्या खिडकीत बसून पाय हलवायची आणि खालून आई तिच्याकडे बघत राहायची.

आणि त्याच वर्षी नगराची मोजणी आली.

दर चार वर्षांनी दसरा झाला की तिथं घरं मोजली जात. ज्याचं घर जेवढं, त्याची पट्टी तेवढी, असा साधा हिशेब होता. मोजणीदाराकडे एक लांबलचक दोरी असे आणि तिला हाताहातावर गाठी मारलेल्या असत. भिंतीच्या एका कोपऱ्याला मोजणीदार, दुसऱ्या कोपऱ्याला घरधनी किंवा घरधनीण. दोघांनी दोरी ताणून धरायची. मग मोजणीदार आपलं टोक सोडवी आणि दोरी गोळा करत, एकेक गाठ मोजत, घरधन्याच्या मुठीपर्यंत येई. मुठीपर्यंत जेवढ्या गाठी, तेवढी ती भिंत. माडी असेल तर तिच्या भिंती वेगळ्या.

मुठीच्या आत मात्र तो कधी बघत नसे. घरधन्याला मूठ उघडायला सांगणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं, अशी त्या नगराची समजूत होती. मोजणीच्या आधी दवंडी तेवढी पिटत, "दोरीत खोट करील त्याची पट्टी दुप्पट हो!" पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आजवर कोणी सापडलं नव्हतं.

मोजणीच्या आदल्या दिवशी सोनारीण बांगड्या भरायला आली. तिनं आधी दाराबाहेर डोकावून बघितलं आणि मग कासारणीच्या कानाशी लागली.

"तुझी पहिलीच मोजणी ना? मग एक युक्ती सांगते. मोजणीदार गाठी मोजत येतो ना, तेव्हा दोरी सैल पडते. तेवढ्यात मुठीभोवती हळूच एक वेढा घ्यायचा. दोन-तीन गाठी मुठीत जातात. त्याला कळतही नाही."

"अगंबाई! आणि पकडलं तर?"

"कोण पकडतंय? आमच्या सासूबाईंनी मला सांगितलेली आहे ही. आमच्या घरची युक्ती आहे हो, बाहेर बोलू नकोस. तू एकटी बाई, लेकीचं करायचंय, म्हणून सांगितली."

कासारणीला ते काही पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दोरी हातात आली, मोजणीदार खाली मान घालून "चार, पाच, सहा" करत येऊ लागला, आणि तिच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या नगरात माझ्या दोन गाठींनी काय बिघडणार आहे? तिच्या मनगटानं आपसूकच एक गिरकी घेतली. पुढच्या भिंतीला वेढा घेतला, बाजूच्या भिंतीला घेतला, माडीलाही घेतला. मोजणीदार नमस्कार करून गेला. कासारणीच्या हाताच्या पाठीवर दोरीचा एक लालसर वळ तेवढा राहिला.

त्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा ती दारात गेली नाही. आत चुलीपाशीच काहीतरी करत बसली.

मग दिवाळी जवळ आली आणि बायकांची रांग लागली. पहिली आली तेलीण. तिचा हात कासारणीनं हातात घेतला, तर हाताच्या पाठीवर वळ! तेल्याला वाकवत नाही म्हणून त्यांच्याकडे दोरी तेलीणच धरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे काय गं लागलं?" कासारणीनं विचारलं.

"काही नाही गं, घागरीचा दोर घासला," तेलीण म्हणाली आणि घाईघाईनं दुसरंच बोलू लागली.

शिंपिणीच्या हाताला वळ. तिलाही घागरीचा दोर घासला होता. माळिणीच्या हाताला वळ, हलवायाच्या आईच्या हाताला वळ. दारोदार पाटाचं पाणी येणाऱ्या नगरात एवढ्या बायका एकदम घागरी घेऊन कोणत्या विहिरीवर गेल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक! कासारणीला आधी हसूच फुटलं. ज्यानं त्यानं आपल्या घरची म्हणून जपलेली युक्ती साऱ्या नगराची निघाली. सगळेच एका माळेचे मणी, आणि त्यातलाच एक मणी आपण, असं मनात येऊन तिला थोडं बरंही वाटलं. चारचौघांत वाटून घेतलं की पाप हलकं होतं असं माणसाला वाटतंच.

दिवाळी झाली आणि दवंडी आली. यंदा गाठीला चाराऐवजी पाच पैसे पट्टी! ज्याला हरकत घ्यायची असेल त्यानं पुढच्या सोमवारी चावडीवर यावं!

कासारीण बुचकळ्यात पडली. नगरात केवढी तरी नवी घरं झाली होती. मग पट्टी वाढली कशी? ती सरळ चावडीवर गेली. थोरले पंच घोंगडीवर बसले होते आणि त्यांच्यापुढं चिंचोक्यांचा मोठा ढीग होता.

"काका, पट्टी कोण ठरवतं हो?"

"खर्च ठरवतो," पंच म्हणाले. "आम्ही आधी वर्षाचा खर्च मांडतो. पाटातला गाळ काढायचा, दिव्यांना तेल, गटारं, वैद्याचं आणि पहारेकऱ्याचं पोट. त्यात कोणाच्या घरात एक पैसा जात नाही. मग साऱ्या नगराच्या घरांच्या गाठी मोजतो. हा ढीग त्यांचाच आहे, एका गाठीला एक चिंचोका. खर्च या ढिगावर वाटला की गाठीमागं किती ते निघतं."

"आणि ढीग लहान भरला तर?"

"तर प्रत्येक चिंचोक्यावरचा भार वाढतो. यंदा तसंच झालंय. घरं वाढली आणि गाठी घटल्या! मलाही नवल वाटतंय. पण खर्च काही घटत नाही ना, बाई. दिवा काही कमी तेलात जळत नाही."

कासारीण ढिगाकडे बघत राहिली. मग तिनं आणखी एक विचारलं. "मी झोपडीत होते तेव्हा माझ्या दारापुढच्या दिव्याचं तेल कोण द्यायचं?"

"कोण म्हणजे? ज्यांची ज्यांची घरं होती ते सगळेच. तुझे शेजारीपाजारी."

ती घराकडे निघाली. आजवर त्या दिव्याला हात जोडत आले, ते खरं तर शेजाऱ्यांना जोडत होते, हे तिला आज कळत होतं. वाटेत तात्यांचं दार उघडं दिसलं. आत काकी भांड्यांची बोचकी बांधत होती.

"काकी, कुठं निघालात?"

काकीनं डोळ्यांना पदर लावला. "माझ्या भावाच्या गावी, बाई. घर पंचांच्या हवाली करून जायचं ठरवलंय. दर मोजणीला आमच्यावरची पट्टी वाढतच चाललीये. मागल्या खेपेला माझी जोडवी गेली. यंदा काही उरलंच नाही. ह्यांना म्हटलं, पंचांना सांगा. पण मागणं यांच्या रक्तातच नाही."

तात्या ओसरीवर बसले होते. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "मोजणीदारानं बरोबरच मोजलंय. घर आहेच तेवढं."

कासारीण त्यांच्यापुढं खाली बसली. नगरातल्या साऱ्या बायकांचे हात तिनं हातात घेतले होते, पण तात्यांचा हात कधी घेतला नव्हता. आज तिनं तो घेतला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बोटं ताठ होती. हाताच्या पाठीवर वळ नव्हता.

"तात्या, मोजणीच्या वेळी दोरी कशी धरता हो तुम्ही?"

"मला कुठली धरता येतीये? भिंतीला लावायची आणि वरून तळहात दाबायचा. मोजणीदार बिचारा समजून घेतो."

कासारणीच्या डोळ्यांपुढं चावडीतला तो ढीग आला. साऱ्या नगरानं आपापल्या मुठीतून दोन-दोन, तीन-तीन चिंचोके उचलून नेले होते, आणि ज्याला मूठच वळवता येत नव्हती त्या एका माणसाच्या डोक्यावर त्यांचा भार आला होता. ज्या हातांनी नगराला पाणी पाजलं, त्याच हातांपायी! आणि त्या चोरांत ती होती. तिला भिंत कोणी दिली होती? ती तिथंच हमसून रडू लागली. तात्या गोंधळले आणि आपल्या ताठ हातानं तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

"अगं, आम्ही काय मरायला चाललोय का? येत जाऊ अधूनमधून."

सोमवारी चावडीवर गर्दी होती. हरकतींवर हरकती चालल्या होत्या. शिंप्याचं म्हणणं पडलं, की मोजताना मोजणीदाराला शिंक आली आणि त्यानं एक गाठ दोनदा मोजली. हलवाई म्हणाला, माझ्या भिंतीत शेजाऱ्याची भिंत धरलीये. पंच शांतपणे ऐकत होते आणि ज्याचं म्हणणं रास्त वाटेल त्याच्या घराला पुन्हा दोरी लावायला सांगत होते. कोपऱ्यात तात्या आणि काकी घराची किल्ली घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत उभे होते.

कासारीण त्यांच्या आधी पुढं झाली.

"माझी हरकत आहे. माझं घर कमी मोजलं गेलंय."

सगळी चावडी खो खो हसली. "जास्त म्हण गं, जास्त!" मागून कोणीतरी ओरडलं.

"कमीच," ती म्हणाली. तिनं आपला हात वर करून उलटा धरला. वळ अजून पुरता गेला नव्हता. "मोजणीदारदादांची यात काही चूक नाही. मी मुठीभोवती दोरीचा वेढा घेतला होता. माझ्या सात गाठी कमी भरल्यात. माझी पट्टी दुप्पट करा, पण त्या सात गाठी ढिगात घ्या."

हसणं बंद झालं. बऱ्याच जणांनी आपले हात उपरण्याखाली नि पदराखाली घेतले. सोनारीण तर पार भिंतीत शिरली.

थोरल्या पंचांनी चिंचोके पुढं सरकवले. कासारणीनं सात मोजले आणि ढिगात टाकले. ढीग होता तेवढाच दिसत होता.

"बाई, तू केलंस ते चांगलं केलंस," पंच म्हणाले. "पण सातानं काय होणार? यानं गाठीमागं छदामसुद्धा उतरायचा नाही."

"तेही मला ठाऊक आहे, काका. मी कोणा दुसऱ्याचं सांगायला आलेच नाही. माझ्या हातापुरती आले." तिनं मागं वळून बघितलं. "मी इथं आले तेव्हा माझ्यापाशी काही नव्हतं. तुम्ही मला ओळखत नव्हता, तरी माझ्या दारात दिवा लावलात. माझी पोर तुमच्या वैद्यानं वाचवली. ते सगळं तुमच्या पट्टीतलं होतं, हे मला परवा कळलं. कळल्याबरोबर तुमचे पाय धरायला यायला हवं होतं. पण माझी द्यायची वेळ आली आणि मी मूठ वळवली. त्या सात गाठींचा भार हवेत गेला नाही. तो त्यांच्यावर पडलाय, ज्यांना मूठ वळवताच येत नाही."

ती कोणाकडे बोट दाखवत नव्हती. पण सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात वळल्या. तिथं तात्या उभे होते, आणि त्यांच्या ताठ बोटांत किल्ली राहत नव्हती म्हणून काकीनं ती दोऱ्यानं त्यांच्या मनगटाला बांधून दिली होती.

मग बायकांच्या बाजूनं एक मोठा सुस्कारा ऐकू आला. तेलीण उठली होती. तेली तिचा पदर ओढत होता.

"अगं, खाली बस! दुप्पट करतील!"

"करू देत! वाकवत नाही तुम्हाला आणि वळ उठतात माझ्या हाताला! रोज त्यांच्या पाटाचं पाणी आपण घरात भरतो, थोडी तरी लाज बाळगा." ती तरातरा पुढं आली आणि मूठभर चिंचोके ढिगात टाकले. "आमच्या अकरा. मागल्या मोजणीच्या वेगळ्या, त्याचं काय ते सांगा."

मग शिंपी उठला. शिंकेची हरकत त्यानं स्वतःच मागं घेतली. माळीण उठली. हलवायाच्या म्हाताऱ्या आईला दोघांनी धरून आणलं. सोनारीण भिंतीतून बाहेर आली, कासारणीच्या डोळ्याला डोळा न देता तिनं चिंचोके टाकले आणि जाता जाता तिचा दंड मात्र घट्ट दाबला. ढीग वाढत वाढत घोंगडीच्या बाहेर गेला.

पंचांनी पुन्हा हिशेब मांडला. मग त्यांनी मान वर केली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"गंमत ऐका. ढीग मोठा झाला, त्यामुळे गाठीमागं पाचाचे पुन्हा चार झाले. म्हणजे तुमच्या गाठी वाढल्या आणि दर उतरला. बहुतेकांना होती तेवढीच पट्टी पडणार आहे, थोडी इकडं, थोडी तिकडं. सगळ्यांनीच वेढा घेतला, त्यामुळे कोणालाच काही मिळालं नव्हतं! हाताला वळ तेवढे मिळाले. ज्याची पट्टी खरी उतरली असं घर एकच."

"आणि दुप्पटीचं काय?" तेल्यानं हळूच विचारलं.

पंच विचारात पडले. खोट करताना सापडेल त्याला दुप्पट, असा नियम होता. पण स्वतःहून येऊन सांगेल त्याचं काय करायचं, असा नियमच नव्हता, कारण असं कधी घडलंच नव्हतं. पाचही पंच एकमेकांच्या कानाशी लागले. मग थोरले म्हणाले, "सापडलेल्याला दंड आहे. आलेल्याला नाही. घरं मात्र सगळी पुन्हा मोजायची. आणि या खेपेपासून घरधन्यानं दोरी भिंतीला लावून वरून उघडा तळहात दाबायचा, जसा आपले पाथरवटतात्या दाबतात तसा."

चावडीनं हो म्हटलं. तेवढ्यात सोनार उभा राहिला. आता त्यालाही चांगुलपणाचा उमाळा आला होता. "पंचहो, माझं म्हणणं आहे की तात्यांची पट्टी कायमची माफ करावी. पाट त्यांनी खोदलाय. त्यांच्याकडून कसली घेता?"

"बरोबर! माफ करा!" लोक ओरडले. पंचांनीही मान डोलावली.

तात्या आजवर चावडीवर कधी बोलले नव्हते. ते दोन पावलं पुढं आले.

"माफी नको," ते म्हणाले. "पाट मी खोदला हे खरं. पण पाणी मीही पितोच की. दिवा माझ्याही दारात लागतो. माझ्या वाट्याचं मला जड नव्हतं, बाबांनो. तुमच्या वाट्याचं झेपत नव्हतं."

तेल्यानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. कासारणीनं पुढं होऊन तात्यांच्या मनगटावरचा दोरा सोडला आणि किल्ली काकीच्या हातात दिली. काकीनं ती कमरेला खोचली आणि घरी जाऊन बोचकी सोडायला घेतली.

पट्टी भरण्याच्या दिवशी चावडीवर पहिले आले ते तात्या. त्यांच्यामागं कासारीण होती. आपल्या माडीची, आपल्या भिंतींची, एकही गाठ न लपवता झालेली पट्टी तिनं पंचांपुढं ठेवली आणि लांबलेल्या रांगेकडे वळून सगळ्यांना हात जोडले.

"आता गं कोणाला?" तेलीण हसून म्हणाली.

"तुम्हाला," ती म्हणाली. "पुष्कळ वर्षांचे राहिले होते."

तात्पर्य: आपण मुठीत लपवलेला वाटा नाहीसा होत नाही, तो शेजाऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो, म्हणून ज्या गावानं आपल्याला सांभाळलं, त्याचे उपकार मानायचे असतील तर आधी आपला वाटा उघड्या हातानं द्यावा.